दीडशेची प्लेट

"नव्वदचंच इंजिन लावायचं असेल तर मी आत्ताच घरी जातो," धाकटा म्हणाला. "त्यापेक्षा सगळ्यांनी मागे बसून हातानं पाणी ढकला. व्यायाम तरी होईल."

"जा की. दार उघडंच आहे," थोरला मिस्त्री म्हणाला आणि हातातला पाना कापडाने पुसत राहिला. पाना पुसायला सुरुवात झाली की भांडण लांबणार, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

रविवार होता आणि कारखान्याला सुट्टी होती. तरी तलावाकाठच्या त्या लांबलचक शेडमध्ये अख्खं घर गोळा झालं होतं, कारण आज घरची बोट ठरायची होती. आयुष्यभर लोकांच्या बोटी दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या पोराबाळांना रविवारी फिरवायला एक बोट नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्या मामंजींना या वयात अचानक लागलं होतं. त्यांच्या मनात आलं की विषय संपला. अठरा फुटी बोट शेडमध्येच तयार होती, निळीशार, नुकती रंगवलेली. प्रश्न फक्त मागे किती घोड्यांचं इंजिन बसवायचं, हा होता. नव्वदचं लाकडी घोडीवर ठेवलं होतं आणि दीडशेचं छताच्या साखळीला टांगलं होतं.

थोरली सून बोटीच्या पलीकडे, रंगाच्या डब्यांच्या फळीपाशी उभी होती. बोट तिनेच रंगवली होती. या कारखान्यातलं रंगाचं सगळं काम तिचं. धाकटा दीर तिला चिडवायला रंगारीण म्हणायचा आणि तिला ते मनातून फार आवडायचं. आज मात्र ती हाताची घडी घालून गप्प उभी होती.

"हे बघा," धाकटा समजावणीच्या सुरात आला. तो तलावावरच्या क्लबात पोहायला शिकवायचा, जन्मात कुठलं जहाज चालवलं नव्हतं, तरी सगळे त्याला कॅप्टन म्हणत. "बोटीत सहा माणसं आणि मागे दोराला धरून पाण्यावर घसरणारा एक. नव्वदच्या इंजिनानं माणूस स्कीवर उभाच राहत नाही. बोट नाक वर करून रडत बसते आणि तोवर मागचा माणूस अर्धा तलाव पिऊन मोकळा होतो."

"स्की कोण करणार आहे? तू एकटा," मिस्त्री म्हणाला. "बाकीचे रबरी ट्यूबवर बसून आरडाओरडा करणार. ट्यूब ओढायला नव्वद पुष्कळ झाले. आणि वजनाचं काय? दीडशेचं इंजिन पन्नास किलोंनी जड आहे, आणि ते सगळं बोटीच्या मागच्या उभ्या फळ्यावर लटकणार."

"दादाचं बरोबर आहे," नणंद म्हणाली. ती शाळेत मास्तरीण होती आणि घरातही निकाल द्यायची तिची सवय जात नव्हती. "लहान पोरं बसणार. वेग हवाय कुणाला?"

"तुझ्याच पोरांना हवाय, ताई. वसतिगृहातून रोज मला विचारतात, मामा, स्की कधी."

नणंदेने जरा विचार केला. "तसं असेल तर मग एकदाच काय ते मोठं लावा. नाहीतर दोन वर्षांनी हेच भांडण परत ऐकायला मला बोलवाल."

"झालं! फिरलीस?" मिस्त्री म्हणाला.

"फिरले कुठे? विचार केला. तूही करून बघ कधीतरी."

धाकटा खदखदा हसला. थोरलीलाही एरवी हसू आलं असतं. आज तिचं लक्ष फक्त मामंजींच्या तोंडाकडे होतं. आता ते काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते त्यांनी म्हणू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"प्लेट काय म्हणते?" मामंजींनी विचारलं.

संपलं. या घरात इंजिनावरून वाद झाला की शेवटी हाच प्रश्न यायचा. प्रत्येक बोटीला चालवणाऱ्याच्या खुर्चीजवळ हाताएवढी पत्र्याची प्लेट असते. जास्तीत जास्त किती घोड्यांचं इंजिन, किती माणसं, किती वजन, ते बोट बांधणाऱ्यानेच त्यावर ठोकून ठेवलेलं असतं. प्लेट बोलली की आपण गप्प, हा मामंजींचा कायदा. या घरातली पोरं अक्षरओळखसुद्धा प्लेटांवरूनच शिकली होती.

चिंगी टुणकन बोटीत चढली. थोरलीची ही अकरा वर्षांची लेक. तिने शाळेत धडा वाचावा तसं ठणठणीत आवाजात वाचलं, "कमाल इंजिन, एकशेपन्नास हॉर्सपॉवर. माणसं सात."

"एकशेपन्नास!" धाकट्याने टाळी वाजवली. "बोल आता, दादा."

"दीडशे लावा," मामंजी म्हणाले आणि चहा कुणी टाकतंय का ते बघायला वळले.

थोरलीने फळीचा आधार घेतला.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एकाच साच्यातल्या दोन जुळ्या बोटी कारखान्यात आल्या होत्या. लांबी सारखी, रुंदी सारखी, आकार तंतोतंत सारखा. फरक एवढाच की एक गळ टाकून बसणाऱ्यांसाठी बांधली होती, नव्वदच्या इंजिनाची; आणि दुसरी खेळासाठी, म्हणून तिच्या मागच्या फळ्यात आतून जादा लाकूड आणि आडव्या पट्ट्या घातल्या होत्या. फायबरच्या आत काय आहे ते बाहेरून कुणाच्या बापाला दिसत नव्हतं. बोटीच्या कोपऱ्यात कोरलेले ओळखीचे नंबरही जुन्या मालकाने डागडुजी करताना बुजवून टाकले होते. दोघींना ओळखायची एकच खूण, ती म्हणजे प्लेट. थोरलीने रंगाआधी दोन्ही प्लेटा उतरवल्या, नेहमीसारख्या चहाच्या बशीत ठेवल्या, आणि त्याच दुपारी चिंगीला सणकून ताप भरला. पाच दिवसांनी ती परत आली तेव्हा शेडमधली जागा बदलून दोन्ही बोटी सरकवलेल्या होत्या, दोन्ही आधीपासूनच निळ्या, आणि बशीत दोन प्लेटा. कुठली कुणाची? तिने बराच वेळ विचार केला, कुणाला विचारलं नाही, आणि रंग झाल्यावर अंदाजाने लावून टाकल्या.

विचारलं का नाही? कारण तीन वर्षांपूर्वी तिच्या हातून एका बोटीचं तळाचं बूच बसवायचं राहिलं होतं आणि गिऱ्हाइकाची बोट धक्क्यालाच अर्धी बुडाली होती. तेव्हा मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "घरचं बघ आता. इथलं तुझं काम नाही." वर्षभर तिने शेडचं तोंड पाहिलं नाही. मग नवऱ्याने रदबदली करून तिला परत आणलं होतं, फक्त रंगापुरतं. आता पुन्हा चूक निघाली तर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि या शेडशिवाय दिवस कसा काढायचा, हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

दीडशेची प्लेट लागलेली बोट घरासाठी राहिली; नव्वदची प्लेटवाली गिऱ्हाइकाने नेली, लहान इंजिन लावून तो मासे धरत बसला. त्याला धोका नव्हता. धोका होता तो इथे.

चहाच्या वेळी तिने नवऱ्याला शेडमागे गाठलं.

"अहो, एक सांगायचंय. ओरडू नका."

तिने सांगितलं. भराभर, खाली बघत. मिस्त्रीच्या हातातला कप तसाच राहिला.

"आत्ता सांगतेस?"

"बरोबरसुद्धा असेल. कदाचित बरोबरच लावली असेल मी."

"कदाचित?" त्याने आवाज खाली आणला. "फळा नव्वदचा असला आणि त्याच्यावर दीडशे ताणलं तर काय होतं माहितीये ना? बोल्टांशी तडकतो. इंजिन फळ्यासकट मागे जातं. आणि मागे दोराला कोण असतं?"

मागे कोण असणार हे दोघांनाही माहीत होतं. चिंगीने आठवडाभर आधीच पहिला नंबर लावला होता.

"मी जाऊन सांगते मामंजींना," ती म्हणाली, पण पाय हलले नाहीत.

"थांब." नवऱ्याने मनगट धरलं. "बुचाचं अजून त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. तुला उभं करणार नाहीत परत. माझ्यावर सोड. मी काहीतरी खुसपट काढतो आणि नव्वदच लावायला भाग पाडतो. तू ब्र काढू नकोस."

ती हो म्हणाली. एवढी चटकन हो म्हणाली की तिचं तिलाच कसंतरी वाटलं.

मिस्त्रीने खुसपटं काढली, नाही असं नाही. दीडशेच्या पंपाचा आवाज बरोबर नाही म्हणाला. धाकट्याने पंप खोलून दाखवला. इंजिनाचा पाण्यातला पंखा या बोटीला जुळत नाही म्हणाला. मामंजींनी स्वतः दुसरा पंखा काढून दिला. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, मला या फळ्याचा भरवसा वाटत नाही."

"का? प्लेट दीडशे म्हणते ना?"

"म्हणते, पण..."

"मग तुझं ऐकू की प्लेटचं?"

"दादाला हरायची सवय नाही, अण्णा, एवढंच आहे ते," धाकट्याने काडी टाकली, आणि मिस्त्रीचं तोंड बंद झालं. त्याने बायकोकडे एकदा पाहिलं. तिने नजर चुकवली.

बारा वाजता बोट पाण्यात होती.

"मी येते बोटीत," थोरली म्हणाली. "मागे बघायला मी बसते."

मागे दोराला माणूस असला की बोटीतल्या एकाने उलटं तोंड करून त्याच्यावर डोळा ठेवायचा, हा नियम होता. धाकटा हसला. "वहिनी, तुमचा रंग सोलून निघेल म्हणून जीव खालीवर होतोय का?"

"हो, भावजी. त्यासाठीच."

पहिली फेरी नुसतीच होती, मागे कुणी नव्हतं. धाकटा चाकावर, शेजारी मामंजी, मागच्या बाकावर मिस्त्री आणि ती. धाकट्याने वेगाची दांडी पुढे रेटली आणि बोटीने अशी उसळी घेतली की थोरली बाकावरून घसरली. तलाव दोन्ही बाजूंनी पांढरा झाला. मामंजी चक्क हसत होते. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ती मात्र जीव मुठीत धरून फळ्याकडे बघत होती. इंजिन थरथरत होतं, पण थरथरणार नाही तर काय करणार? एक फेरी झाली, दुसरी झाली. काही झालं नाही.

बरोबरच लावली होती मी, तिला वाटलं. उगाच जीव काढला स्वतःचा. देवा, बरोबरच लावली होती.

मिस्त्रीही जरा सैलावला. हळूच तिच्या कानाशी म्हणाला, "बघ. असतं नशीब कधीकधी."

धक्क्यावर चिंगी लाल जाकीट घालून नाचत होती. आत्याने जाकिटाचे पट्टे दोनदा ओढून बघितले, ट्यूब पाण्यात सोडली, चिंगी तिच्यावर पालथी पडली आणि दोन्ही कड्या धरल्या. दोर बोटीच्या मागच्या कडीत अडकवला गेला. "सावकाश रे!" नणंद धक्क्यावरून ओरडली. "कॅप्टनगिरी नको!"

"मुंगीच्या पावलानं नेतो, ताई!"

बोट हळूहळू निघाली. दोर ताठ झाला, ट्यूब सरकली, चिंगी किंचाळली आणि मग हसायला लागली. थोरली उलटं तोंड करून बसली होती. लेकीकडे बघायचं होतं, पण मध्ये इंजिन होतं, आणि इंजिनाच्या उजव्या बोल्टापाशी तिची नजर अडकली.

तिथे एक रेघ होती.

केसाएवढी. बोल्टापासून निघालेली, वाकडी, बोटभर लांब. तिने स्वतः तीन हात रंग मारला होता त्या जागी. सकाळी तिथे रेघ नव्हती. रंगाला लाकूड कळत नाही, फायबर कळत नाही, पण खालचं काही हललं की रंग आधी फुटतो, हे तिच्याइतकं त्या बोटीत कुणाला माहीत नव्हतं. ती बघत असतानाच रेघ अजून पेरभर लांब झाली.

"भावजी, थांबवा."

इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. धाकट्याने मागे वळून चिंगीला अंगठा दाखवला आणि हात दांडीवर ठेवला. आता तो वेग देणार होता.

ती उठली. कशी पोचली ते तिला आठवलं नाही. मामंजींच्या गुडघ्यावर तिचा पाय पडला, ती धाकट्याच्या अंगावर जवळजवळ कोसळली आणि त्याच्या मनगटाला अडकवलेली लाल दोरी तिने हिसडली. त्या दोरीचं टोक सुटलं की इंजिन जागच्या जागी मरतं. मेलं. एकदम एवढी शांतता झाली की बोटीच्या पोटावर आपटणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"वहिनी! वेड लागलंय का?"

"फळा फाटतोय," ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "उजवा बोल्ट. बघा. मामंजी, बघा."

मामंजी गुडघा चोळत मागे आले आणि खाली वाकले. त्यांनी नख रेघेवरून फिरवलं. मग इंजिनाचं डोकं धरून किंचित पुढेमागे केलं, आणि त्या रेघेतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा फळा दीडशेचा नाही," ते म्हणाले. "हा नव्वदचासुद्धा कसाबसा आहे."

"पण प्लेट..." धाकटा म्हणाला.

"अण्णा," मिस्त्री मध्येच बोलला. बायकोकडे न बघता बोलला. "त्या दोन जुळ्या बोटी होत्या ना, त्यांच्या प्लेटा अदलाबदल झाल्या. माझ्या हातून झाल्या. लक्षात आलं होतं, बोलायचं धाडस झालं नाही."

थोरलीने चमकून वर पाहिलं. मामंजींनी थोरल्या लेकाकडे पाहिलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं," ते म्हणाले. "काम करणाऱ्याच्याच हातून होतं."

"सोड रे दादा, कुणाला लागलं नाही ना," धाकटाही म्हणाला. "मघाशी मी उगाच बोललो तुला."

बस्स. एवढंच. तिच्या छातीवरचा दगड उतरला. खोटं कशाला बोला, उतरलाच. शेड राहिली, रंग राहिला, कुणाला काही कळणार नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग संताप आला, असा की तिचे कान तापले. तीन वर्षांपूर्वी एका बुचासाठी ती वर्षभर घरात कोंडली गेली होती. आणि इथे तिची पोर मरता मरता राहिली, आणि होतं असं? खांद्यावर हात?

"त्यांनी नाही केलं," ती म्हणाली. "प्लेटा मी लावल्या. अंदाजानं लावल्या. दोन महिने मला शंका होती आणि मी तोंडाला कुलूप घालून बसले."

"अगं..." मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही थांबा." तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "मामंजी, आत्ता त्यांना जे म्हणालात, ते मलाही म्हणा."

मामंजींचा हात लेकाच्या खांद्यावरून खाली आला. धाकटा चाकाकडे बघायला लागला. लांब धक्क्यावर नणंद हात हलवून काहीतरी विचारत होती. मामंजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"वल्ही काढ रे," ते शेवटी धाकट्याला म्हणाले. "इंजिनाला हात लावायचा नाही आता. आणि तू," हे तिच्याकडे न बघता, "उद्या आठ वाजता ये. ही प्लेट तूच उतरवायचीस. त्या बोटवाल्याला फोनही तूच करायचास, काय झालं ते तुझ्या तोंडानं सांगायचंस. यापुढे प्लेट उतरवलीस की त्याच बोटीला तारेनं बांधायची. बशी नको."

ते शब्द त्यांनी म्हटले नाहीत ते नाहीतच. पण उद्या आठ वाजता ये, म्हणाले. थोरलीला एवढा आनंद झाला की डोळे भरून आले. डोळे पुसत तिने मागचा दोर धरला आणि हातावर हात टाकत ट्यूब ओढायला लागली. चिंगी गप्प होती. मघापासून तिचा काहीच आवाज आला नव्हता, हे थोरलीच्या आत्ता लक्षात आलं. इंजिन बंद होतं, दोर फार लांब नव्हता, आणि पाण्यावरून आवाज छान पोचतो.

ट्यूब बोटीला लागली. मिस्त्रीने लेकीला काखेत धरून वर घेतलं. ती ओलीचिंब, बाकाच्या कडेला बसली. केसांतून पाणी गळत होतं. ती आईकडे बघत होती.

"आई, तुला आधीच माहीत होतं?"

"शंका होती, बाळा."

"मग मी ट्यूबवर बसायच्या आधी का नाही सांगितलंस?"

वल्ह्यांचा आवाज थांबला. मामंजी, धाकटा, मिस्त्री, तिघंही दुसरीकडे बघायला लागले.

"भीती वाटली," थोरली म्हणाली.

"मी बुडेन म्हणून?"

थोरलीने लेकीचे गार पडलेले हात हातात घेतले होते. हो म्हणणं अगदी सोपं होतं, आणि पोरीने त्यावर विश्वासही ठेवला असता.

"नाही," ती म्हणाली.

चिंगीने हात सोडवून घेतले आणि ती उठून बापाशेजारी जाऊन बसली.